लाल कार्ड आणि तेहतीस अनारसे

म्हणजे शिट्टी न्यायलेच आले तुम्ही! मले वाटलं, नुसती पूछताछ असन, चहा घेसान, दोन गोष्टी विचारसान अन् चारच्या मोटारीनं छिंदवाड्याले वापस जासान. बसा नं साहेब, उभ्यानं कोणी कोणाची शिट्टी नेते का? त्या खुर्चीवर नका बसू, तिचा एक पाय लंगडा आहे, इकडे पलंगावर बसा. हे घरी नाहीत. आज शनिवार नं, जामसांवलीले गेले मारुतीच्या पाया पडायले. तुमच्या जिल्हा फुटबॉल संघटनेचं पत्र आलं तवापासून त्यायचं जेवणात लक्ष नाही — भाजीत मीठ नाही टाकलं तरी खाऊन घेतात, सांगा आता! शाळेत पीटीचे मास्तर आहेत, ते तर पोटासाठी झालं. पण संध्याकाळी मैदानावर शिट्टी वाजवणं, तो त्यायचा जीव आहे. मीना आमची एकुलती एक, ती सासरी गेली, डोक्यावरचे केस गेले, दोन दाढा गेल्या, शिट्टी नाही गेली. ते पाहा, देव्हाऱ्याच्या बाजूले खिळ्याले टांगली आहे. सकाळी देवाले हात जोडतात अन् मंग तिले पुसतात. आणि जाताना मले काय सांगून गेले माहीत आहे? 'साहेब आला तर चहा दे, खायले दे, पण तोंड उघडू नको. तू तोंड उघडलं का माझी शिट्टी गेली.' म्हणून मी काही बोलत नाही. तुम्ही विचारा, मी हाव नाहीतर नाही म्हणते, बस.

घ्या, काढून घ्या खिळ्यावरून. हाव, दोरी अडकते तिथं, जरा वर उचला. ठेवा खिशात. पण आधी हा अनारसा खा. काहून? अहो, खाल्ल्याशिवाय शिकायत कशी समजन तुमाले? काय लिहिलं आहे सौंसरवाल्यायनं, वाचा नं पुन्हा — पांढुर्ण्याच्या दत्तात्रय मास्तरनं फायनलमध्ये आमचे पाच खेळाडू टॉवेल, टोपी, नारळ अन् गोड पदार्थाची लालूच दाखवून मैदानाबाहेर काढले. लालूच! तर हेच ते गोड पदार्थ. पीठ उरलं होतं म्हणून काल तळले. कसा झाला? खुसखुशीत आहे नं? जाळी पाहा, जाळी. असा अनारसा पाहून मैदानातला माणूस बाहेर आला तर त्यात रेफरीचा काय दोष आहे, सांगा बरं.

काय? मुद्दाम पाडलं म्हणून बाहेर काढायचा नियमच नाही म्हणता? पुस्तकात लिहिलेलंच नाही? बरं. मंग ऐका, मले बोलायचं नव्हतं, पण नियमाची गोष्ट काढली तुम्ही. पंचवीस वर्षं मी ह्या घरात नियम ऐकून राहिली साहेब. बाकीच्या बायकांचे नवरे झोपेत घोरतात, माझे झोपेत 'फाउल' म्हणून ओरडतात. पहिले म्हणे फुटबॉलात शिक्षाच नव्हती. काहून नव्हती? काहून का खेळणारे सगळे बड्या घरचे साहेबलोक — अन् बड्या घरचा माणूस दुसऱ्याले मुद्दाम पाडन, हे त्यायच्या डोक्यातच बसत नव्हतं. धक्का लागला तर चुकून लागला. बसं. पण खेळ तर गरीबाच्याही पोरांनी शिकला, मिलवाल्यायनं शिकला, मंग पाडापाडी सुरू झाली अन् पेनल्टी निघाली. तर त्या साहेबलोकायले इतका राग आला म्हणे, का पेनल्टी भेटली तर ते चेंडू मुद्दाम बाहेर मारत. आम्ही काय चोर आहो, कोणी आम्हाले मुद्दाम पाडलं असं आम्ही मानूच कसं! हे सांगतात अन् हसतात. मले नाही हसू येत. माझ्या सासूबाईचं असंच होतं. मांजरीनं दूध पेलं तरी म्हणत, आमच्या घरची मांजर असं करूच शकत नाही, सुनेनंच पेलं असन.

मंग काढून द्यायचं सुरू झालं. रेफरी तोंडानं सांगे, जा बाहेर. पण देशोदेशचे लोक खेळायले लागले तवा पंचाईत — रेफरी बोलते एका भाषेत, गडी समजते दुसऱ्या भाषेत, तो काही मैदानातून हालतच नाही. उभा आहे तर उभा आहे, शेवटी पोलिसांनी नेला म्हणे. तवा एका विलायती रेफरीले चौकातल्या दिव्यावरून सुचलं, पिवळा म्हणजे सांभाळून, लाल म्हणजे थांब. कार्ड निघालं. आता आपल्या पांढुर्ण्यात चौकात दिवा कुठं आहे? आमच्याकडे चौकात बैल बसते, तो उठला का रस्ता खुला. पण कार्ड आमच्याकडेही आलं. म्हणजे बनवलं. बाजारात कुठं भेटते ते? मीनाच्या लग्नातल्या शालूच्या खोक्याचं झाकण लाल होतं, ते कापून ह्यायनं कार्ड बनवलं. मी ओरडली, शालू कशात ठेवू? तर म्हणे, ट्रंकीत ठेव, देशाले कार्डाची गरज आहे.

हाव, येते नं, मुद्द्यावरच येऊन राहिली. चहा घ्या. तर नुकतीच — पाच वर्षं झाली असन — विलायतेत मोठी फायनल झाली. एक कोवळा पोट्टा, मिसरूड नाही फुटलं, एकटा चेंडू घेऊन गोलकडे धावून राहिला, समोर फक्त गोली. मागून एक दांडगा आला अन् त्यानं पाडला त्याले. मुद्दाम! सगळ्या देशानं पाहिलं. अन् शिक्षा काय? फ्रीकिक अन् ताकीद. संपलं. गोल वाचला, पाडणारा हसून राहिला. हे ज्या दिवशी रेडिओवर त्यायनं ऐकलं, त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणे, हा तर धंदा झाला. पाडणाऱ्याचाच फायदा होते, मंग न पाडणारा मूर्ख आहे का? मी म्हटलं, बरोबर आहे, दूध उतू गेलं ते वेगळं अन् सांडवलं ते वेगळं. मंग विलायतेत ठरलं म्हणे, का गोल करायले निघालेल्या माणसाले मुद्दाम पाडलं, का सरळ बाहेर. कधी काढतात, कधी नाही काढत, त्यायचंही अजून पक्कं नाही. आपल्या पुस्तकात तर आलंच नाही, हे मले माहीत आहे. त्यायलेही माहीत आहे. पण ते म्हणतात, सुधा — हाव, माझं नाव सुधा — आज नाही तर उद्या हा नियम साऱ्या दुनियेत लागन, काहून का हाच न्याय आहे. मोटार येते ते आधी ऐकू येते नं, दिसते मागून. तसं.

आता पंधरा ऑगस्टचं सांगते. फायनल, पांढुर्णा अन् सौंसर. मैदानात इतका चिखल, का चेंडू कोणता अन् खेळाडूचं डोकं कोणतं, कळत नव्हतं. छिंदवाड्याहून रेफरी येणार होता, तो आलाच नाही, घाटात मोटार फसली म्हणे. दोन्ही बाजूचे आले इथं दारात — मास्तर, चला, तुमच्याशिवाय कोण आहे. सौंसरवालेही आले होते बरं! भगवंतराव स्वतः, ज्यायनं शिकायतीवर सही केली तेच. तवा हे गोड होते. हे म्हणाले, माझा जवाई तुमच्याकडून खेळते, मी कसा उभा राहू? भगवंतराव म्हणे, मास्तर, तुम्ही तर आपल्या बापालेही फाउल देसान. देतीलच! म्हणून तर सांगते, माणूस कसा आहे पाहा.

जवाई आमचा, गुणवंतराव. सौंसरचा, संत्र्याचा बगीचा आहे घरचा, अंगानं आडवा, स्वभावानं गाय. बॅकले खेळते. लग्न होऊन दोन वर्षं झाली, अन् यंदा धोंड्याचा महिना आला — अधिकाचा, तीन वर्षांतून एकदा येते. जवायाले बोलवा, पाय धुवा, तेहतीस अनारसे द्या, टॉवेल-टोपी द्या, विष्णू समजून पूजा करा. तुमाले काय सांगायचं! पण गुणवंतराव काही येईच ना. आज बगीच्यात काम, उद्या प्रॅक्टिस. महिनाभर मी वाट पाहिली साहेब. गल्लीतले सारे जवाई येऊन जेवून गेले, पंचफुलाबाईचा राहिला अन् माझा राहिला. पंचफुलाबाईचा म्हणजे विनायक, तोही सौंसरकडून खेळते, गोली आहे. मॅचच्या दुसऱ्या दिवशी अमावस्या, महिना खलास. पहिल्या धोंड्याले जवायाचं वाण राहिलं तर गावात तोंड दाखवायची सोय राहते का? मीनाले सासरी काय काय ऐकावं लागलं असतं. तर त्यायचा निरोप आला, मॅच खेळायले ट्रॅक्टरच्या ट्रॉलीनं येतो, मॅच झाली का लगेच त्याच ट्रॉलीनं जातो, अंधाराच्या आत जाम नदीचा पूल ओलांडायचा आहे, पाणी वाढून राहिलं. मंग घरी कवा येईन? येणारच नाही! म्हणून मी ताट सजवलं, वरून रुमाल टाकला अन् मैदानावर जाऊन बसली. पंचफुलाबाई म्हणे, वेडी झाली का? मी म्हटलं, मॅच संपली का तिथंच पाय धुते.

संपतच नव्हती हो! एक-एक गोल. हाफ झाला, पुन्हा सुरू झाला. आभाळ भरून आलं, इकडे ट्रॉलीवाला हॉर्न वाजवून राहिला, अनारशाले वारा लागून राहिला. अन् तेवढ्यात आपला मोरेश्वर सुटला — पांढुर्ण्याचा, डाकखान्यात आहे तो, हरणासारखा धावते. समोर नुसता विनायक गोली. अन् मागून आमचे गुणवंतराव. पोचेना नं तो! दोन हात मागे राहिला. मंग काय केलं असन? धरली नं त्याची चड्डी! मागून, दोन्ही हातानं! मोरेश्वर पुढे धावून राहिला, चड्डी मागे राहिली, नाडा पक्का म्हणून अब्रू वाचली, पण आडवा पडला चिखलात अन् घसरत घसरत चेंडूशिवाय गोलमध्ये गेला. सारं मैदान हसून राहिलं. हे नाही हसले. शिट्टी वाजवली अन् धावत गेले. गुणवंतराव उभा, हातात चड्डीची किनार. मी मुद्दाम नाही केलं म्हणायची सोयच नाही!

आता ह्यायची पंचाईत पाहा. पुस्तक म्हणते फ्रीकिक द्या अन् समजवा. मन म्हणते बाहेर काढा. नातं म्हणते जवाई आहे, धोंड्याच्या महिन्यातला विष्णू आहे, त्याले बाहेर जा म्हणायचं? आपल्याकडे जवाई रुसून गेला तर सात पिढ्या आठवतात, अन् सासऱ्यानं काढून दिला असं तर कधी ऐकलंच नाही कोणी. खिशात हात घातला अन् तसेच उभे राहिले. हात बाहेरच निघेना. अन् मंग त्यायनं माझ्याकडे पाहिलं.

मी? मी काय केलं? काही नाही केलं. नुसता हात असा केला. असा. म्हणजे — असा. 'काढा' म्हणून. अहो, साडेपाच झाले होते! ट्रॉली निघाली असती नं! बाहेर आला असता तर दहा मिनिटात पाय धुऊन, कुंकू लावून मोकळी झाली असती मी! तिथं मॅच संपायची वाट पाहत कोण — तुम्ही लिहून काय राहिले साहेब? हे नका लिहू. हे मी तुमाले घरचं म्हणून सांगितलं. नियमानंच काढला त्याले! विलायतेच्या नियमानं! फक्त नियम अन् माझा हात एकाच वेळी वर झाला, एवढंच. अरे बाप्पा. खरंच लिहिलं का? खोडा नं ते. मारुतीराया, मी तोंड उघडलं.

बरं, लिहा मंग. पण पुढचंही लिहा, अर्धं नका लिहू. लाल कार्ड दाखवलं तवा ह्यायच्या डोळ्यात पाणी होतं. हे मी एकटीनं पाहिलं, बाकीच्यायले वाटलं घाम आहे. गुणवंतराव मान खाली घालून बाहेर आला, अन् मी ताट घेऊन लाइनीवरच उभी. बसवला त्याले ट्रॉलीतल्या पोत्यावर. पाय धुतले — साहेब, इतका चिखल निघाला, तीन लोटे लागले, खाली पाय आहेत का नाही अशी शंका आली मले. कुंकू लावलं, टॉवेल दिला, टोपी घातली, नारळ दिला, अनारसे पदरात टाकले. पदर नव्हता, बनियन होतं, बनियनमध्ये टाकले. शाळेची बँडवाली पोरं झेंडावंदनापासून तिथंच होती, त्यायनं बँड वाजवला. सारं मैदान टाळ्या वाजवून राहिलं. असा सन्मानानं कोणी बाहेर गेला असन का आजपर्यंत? विलायतेत गडी खाली मान घालून जाते, आमचा टोपी घालून गेला!

अन् मंग खरा घोटाळा झाला. पंचफुलाबाईनं पाहिलं. ती धावत घरी गेली अन् आपलं ताट घेऊन आली, अन् गोलमागे जाऊन उभी राहिली. विनायकानं मागे पाहिलं. अनारसे दिसले त्याले. पुढच्याच मिनिटाले, चेंडू अर्ध्या मैदानात, त्याच्यापासून कोसभर दूर, विनायक गोल सोडून धावत गेला अन् दोन्ही हातानं चेंडू उचलून छातीशी धरला. वर म्हणते, मास्तर, मी मुद्दाम केलं, काढा मले! आता मुद्दाम केलं हे स्वतः सांगून राहिला, मंग रेफरीनं काय करावं? काढला. पंचफुलाबाईनं पाय धुतले. मंग तिसरा, मंग चौथा — सौंसरच्या टीममध्ये पांढुर्ण्याचे जवाई किती, हे आमाले त्या दिवशी कळलं. एक तर पांढुर्ण्याच्याच माणसाची माफी मागून पाडे, 'भाऊ, लागलं तर नाही नं, सासूबाई थांबल्या आहेत.' पाचवा तर सडाफटिंग होता हो, लग्नच नाही झालेलं! पडला, पाडला, काढला, अन् बाहेर येऊन टोपीसाठी डोकं पुढे करते! त्याले टोपी कोण देईन? तर पलीकडून एक म्हातारे उठले, त्यायच्या घरी लग्नाची मुलगी आहे, त्यायनं आधी गोत्र विचारलं अन् मंग टोपी दिली. मार्गशीर्षात लग्न आहे त्यायचं. पत्रिका येईन तुमाले.

सहा उरले सौंसरचे. सातच्या खाली गेले तर खेळ बंद, हे तुमच्याच पुस्तकात आहे नं? आहे. ह्यायनं खेळ बंद केला, दोन्ही हात वर करून. कप कोणालेच नाही भेटला, पंचायतीच्या आलमारीत आहे. अन् घरी येऊन हे रात्रभर छत पाहत बसले. म्हणे, सुधा, मी शिक्षा बनवली अन् लोकायनं तिचा प्रसाद केला. पाडणाऱ्याचा फायदा होऊ नये म्हणून काढलं, अन् पाडणारे अनारसे घेऊन गेले. दुनियेतला सगळ्यात चांगला नियम माझ्या हातानं वाया गेला. ताट तर माझंच होतं. लय वाईट वाटलं मले साहेब. अजूनही वाटते. शिट्टी जायचीच असन तर माझ्या ताटापायी चालली, त्यायच्या चुकीपायी नाही, एवढं तरी लिहा खाली.

पांढुर्ण्याच्या बाजूनं केलं म्हणता? मी? अहो, मी सौंसरचीच आहे! माझं माहेर सौंसर! मैदानात बसून मी 'सौंसर, सौंसर' ओरडून राहिली होती, हे नाही लिहिलं का भगवंतरावानं? लिहिणार नाही. दुसरं, गावाचंच म्हणाल तर दोन हप्त्यांनी पोळा आहे, दुसऱ्या दिवशी आमची गोटमार. इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव, मधात जाम नदी, अन् एकमेकायवर दगड. तिथं न रेफरी, न कार्ड. दरसाल हे घरी दार लावून बसतात त्या दिवशी, म्हणतात, मी बाहेर गेलो तर शिट्टी वाजवल्याशिवाय राहणार नाही अन् दोन्हीकडचे मिळून मलेच मारतील. अशा गावात एक माणूस उठते अन् म्हणते, मुद्दाम पाडलं तर बाहेर जा. स्वतःच्या जवायाले म्हणते! त्याचीच शिट्टी तुमच्या खिशात आहे.

हाव, घ्या नं पाणी. सावरगाव म्हटल्यावर ठसका काहून लागला? पाठ थोपटू का? ... काय म्हणता! तुमची सासुरवाडी? सावरगावची? कोणाच्या घरची? नत्थूजीची उर्मिला! अगं माय! ती तर माझ्या मीनाच्या संग शिकली, ह्या अंगणात लंगडी खेळली ती! गालावर तीळ आहे नं तिच्या? म्हणजे तुम्ही आमचे — थांबा, पदर घेऊ द्या डोक्यावर. मघापासून मी बोडक्यानं बोलून राहिली जवायापुढे. साहेब साहेब काय करून राहिली मी, जवाईबापू आहात तुम्ही! पाय वर घ्या, टेकून बसा. नत्थूजीची बायको कशी आहे? ... कवा? आषाढात? माय वं. मले कोणी सांगितलंच नाही. नदी भरली का पलीकडची खबर इकडे येत नाही. लय गुणाची बाई होती. हळदीकुंकवाले यायची, हातात काही ना काही घेऊनच यायची.

मंग यंदा धोंडा? ... कोणीच नाही केला? नत्थूजी एकटे, अन् सासू नाही तर बोलवन कोण. उर्मिला काही बोलली? ... रडली. रडनच नं. महिनाभर शेजारच्यायचे जवाई टोपी घालून जाऊन राहिले अन् आपला नवरा ऑफिसात. अन् वरून तुमाले ही शिकायत वाचायले भेटली. टॉवेल, टोपी, नारळ! अन् तुम्ही मघापासून अनारसा हातात धरून बसले, अर्धा खाल्ला अन् अर्धा ठेवला. मी समजली, गोड आवडत नसन.

हलू नका. बसा तिथंच. पाय पुढे करा. काढा ते मोजे. लाजता काहून, मी सासूच्या ठिकाणी आहे. महिना सरला म्हणता? सरला तर सरला. तुमच्या पुस्तकात ह्यायचा नियम अजून आला नाही, अन् माझ्या पंचांगातून धोंडा निघून गेला, तर आपण दोघंही थोडं मागंपुढं सरकू, देवाचं काय जाते? टॉवेल कोराच आहे, एक उरला होता. टोपी ह्यायची आहे, पण धुतलेली. इकडे करा डोकं. कुंकू. नारळ धरा, दोन्ही हातानं. अनारसे तेहतीस नाहीत, मोजू नका, डबाच घेऊन जा, डबा उर्मिलेच्या हातानं वापस पाठवा, म्हणजे तिची भेट होईन. तिले म्हणा, सुधाकाकूनं दिलं. म्हणा, आईच्या जागी दिलं. डोळे पुसा. टॉवेल आहे नं, त्यालेच पुसा, त्यासाठीच असते तो.

आता ह्याले लालूच म्हणसान का तुम्ही? ... नाही, मी तुमचा फैसला नाही विचारून राहिली, मले बोलायचंच नाही, ह्यायनं मना केलं आहे. तुमाले जे लिहायचं ते लिहा. काय फाडलं? तो लिहिलेला कागद? चाय सांडली म्हणता त्याच्यावर? कुठं सांडली, कप तर — हाव, हाव. सांडली. सांडलीच. उतू गेली. पाया नका पडू, पाया पडायचं जवायानं नसते, सुखी राहा. खिशात काय टोचून राहिलं? काढा बाहेर. टांगा तिथंच, खिळ्याले. दोरी सरळ करा, ह्यायले वाकडी चालत नाही.

चला आता. चारची मोटार चौकात लागली असन. टोपी नका काढू, टोपी घालूनच मोटारीत बसा, पाहू द्या लोकायले. ... अजून उभेच? हे आल्यावर भेटूनच जातो म्हणता? मुळीच नाही. ते येतील तवा मले सांगावं लागन मी काय काय बोलली. जवाईबापू, तुमच्याच पुस्तकातला नियम आहे, हे रोज म्हणतात — काढलेला गडी मैदानाजवळ उभा राहत नसते. निघा!